शेवटचं रीळ थेटरात

धाडचा आठवडी बाजार भरला, की उन्हं डोक्यावर यायच्या आत पुंजाजीभाऊ माझ्या फोटो स्टुडिओच्या ओट्यावर चढायचे, खांद्यावरचा रुमाल झटकायचे आणि तोंडानं मशीनचा आवाज काढायचे. ‘टर्रर्रर्र...’ तो आवाज ऐकला, की भाजीवाल्या बाया तराजू खाली ठेवायच्या. मिरचीवाले पोत्यावर नीट बसून घ्यायचे. मग पुंजाजीभाऊ आपला चित्रपट सुरू करायचे. भाऊ, बहीण, सासू, बैल, वारा, सगळ्यांची कामं एकटेच करत. बुलडाण्याची एसटी आली आणि धुरळा उडाला, की हात वर करून जाहीर करत, “मध्यंतर! पानी पिऊन घ्या.”

हा चित्रपट कुठल्याही थिएटरात कधी लागला नाही. तो निघालाच नाही. कोणी विचारलं, “भाऊ, पिच्चर कुठवर आला?” तर ते छाती पुढे काढून सांगत, “पिच्चर तयार हाये. निसता डब्यात भराचा राह्यला.” हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की आज कोणी तसं बोललं तर माझं डोकं फिरतं.

पुंजाजीभाऊ तसे चार-सहा एकरांचे शेतकरी. जत्रेतल्या नाटकांत उभी हयात गेली. तरुणपणी कोल्हापुरात जाऊन एका चित्रपटात भालदार म्हणून उभे राहिले होते. दार उघडायचं आणि लावायचं, एवढंच काम. पण परत आले ते नट होऊन आले आणि पुढल्या वर्षी निर्मातेही झाले. गोठ्याच्या दारावर पाटी ठोकली, ‘पुंजाजी चित्र’. पाटीखाली बैल रवंथ करत बसलेले. लोक हसले. भाऊ म्हणाले, “हसा बे. ज्यायच्या घरी पाटीच नाही, त्याहीनं तं हसूच नाही.”

चित्रपटाचं नाव ‘खाऱ्या पाण्याची लेक’. गोष्ट साधी. गंगू नावाची पोर लोणारला दिलेली. माहेर आणि सासर यांच्यात मानपानावरून भांडण होतं आणि तिचा भाऊ भीमा शपथ घेतो, की या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही. झालं, गंगूला न्यायला मुराळी येणं बंद. दिवाळी जाते, अखाजी जाते. दर सणाला पोर एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहते आणि रिकामी परत जाते. सासू टोमणे मारते. शेवटी एका अखाजीला ती थांब्यावर न जाता सरोवराची उतरण धरते. भीमाला कळतं, तो धावत सुटतो. पोर खाऱ्या पाण्यात गुडघाभर उतरलेली आणि भाऊ वर कड्यावर पोचलेला. इथं पुंजाजीभाऊ दोन्ही हात तोंडाशी धरून “गंगेऽऽ” अशी हाक मारत. बाजार चिडीचूप व्हायचा.

आणि मग हा माणूस रुमाल खांद्यावर टाकून म्हणायचा, “शेवटचं रीळ थेटरात. तिकीट काढून या.”

लोक शिव्या घालत. खऱ्याखुऱ्या, आईबहिणीवरून. पुढच्या बाजारी पुन्हा येऊन बसत.

या चित्रपटाचे फोटो मी काढले. निर्मात्यांना दाखवायला लागतील म्हणून भाऊंनी मला लोणारला नेलं. भीमा ते स्वतः. गंगूचं काम करायला कोण बाई येणार? तेव्हा शांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, डोक्यावरून पदर ओढून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. फोटो काढून होईपर्यंत त्या पुटपुटत होत्या, “याहीच्या नादानं मले या वयात जीव द्या लागून राह्यला.” शेवटच्या फोटोत भाऊ कड्यावर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. समोर खाली काय आहे ते दिसेल असा फोटो मला घेऊ दिला नाही. मी म्हटलं, “भाऊ, निदान मला तरी सांगा.” ते म्हणाले, “तू काय फुकट्या हायेस का बे, वसंता?” मी फोटो मोठे करून स्टुडिओच्या काचेत ओळीनं लावले, अगदी थिएटराबाहेर लावतात तसे.

मुंबईत टीव्ही सुरू होऊन काही वर्षं झाली होती. आमच्याकडे तो डबा कोणी पाहिलेलाही नव्हता, पण भाऊंनी चित्रपटाचं टीव्हीसाठी नाटक करायचं ठरवलं. मला बरोबर घेऊन ते मुंबईला गेले. टीव्हीवर नाटकं बसवणारे एक गृहस्थ होते, त्यांच्या घरी आम्ही बसलो. भाऊंनी खुर्ची बाजूला सारून सुरुवात केली. थांब्यावरची गंगू म्हणते, “मले न्याले कोनी येत नाही का वो?” या वाक्याला धाडच्या बाया डोळ्याला पदर लावत. ते गृहस्थ हसले. चांगले मोठ्यानं हसले. मला वाटलं, उठावं आणि त्यांच्या पुढ्यातला चहा त्यांच्याच धोतरावर ओतावा.

वर त्यांनी सल्ला दिला. “गोष्ट फार छान आहे हो. आपण करू या. फक्त भावाबहिणीला आपली नेहमीची भाषा द्या. तुमची ही भाषा एखाद्या गड्याला द्या. प्रेक्षकांची करमणूक होईल.”

भाऊ शांतपणे म्हणाले, “साहेब, माह्या पिच्चरमधी गडी नाही.”

“मग एक घाला.”

“घालतो ना. पन मले एक सांगा, भावानं बहिनीले हाक कोन्या भाषेत माराव?”

गृहस्थांनी खांदे उडवले आणि आम्ही उठलो. जिन्यात मी तोंडाला येईल ते बोललो. ज्यांनी आयुष्यात ज्वारीचं कणीस हातात धरलं नाही, ते आम्हाला बोलायला शिकवणार! आमच्या माणसानं रडलेलंही यांना विनोदी वाटतं. रडायचा हक्कसुद्धा यांनी पुण्या-मुंबईपुरता राखून ठेवलाय की काय? हा राग माझा आजही गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. भाऊ मात्र गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, “जाऊ दे. त्याहीच्या टीव्हीत मावनार नाही आपली गंगू.”

पण खरा घात मुंबईनं केला नाही. तो धाडच्या बाजारात झाला, आणि तोही दिवसाढवळ्या.

अमरावतीचे रतनशेठ म्हणून चित्रपटांचे वितरक होते. वऱ्हाडातल्या थिएटरांत आणि जत्रेतल्या तंबूंत कुठला चित्रपट लागणार, हे ते ठरवत. जुन्या ओळखीनं भाऊ त्यांच्यापर्यंत पोचले. रतनशेठना गोष्ट आवडली. भाषा आहे तशीच हवी असं ते आपणहून म्हणाले. चित्रणाला पैसे घालायलाही तयार झाले. फक्त त्यांची एक रीत होती. पैसा घालण्याआधी ते स्वतः एखाद्या बाजारात फिरत आणि असा चित्रपट आला तर बघाल का, म्हणून लोकांना विचारत. म्हणाले, धाडच्याच बाजारात येतो. तुमचं गाव, तुमचे लोक.

भाऊ त्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर बसून होते आणि हात सारखे गुडघ्यांवर पुसत होते. लोक ‘बघू’ म्हणाले, तरच त्यांचा चित्रपट निघणार होता. मी शेटजींच्या मागं मागं चाललो.

रतनशेठनी पहिल्याच मिरचीवाल्याला विचारलं, “काऊन भाऊ, लोनारच्या पोरीचा पिच्चर आला, तिले न्याले भाऊ येत नाही असा, तं पाहासान का?”

“आता अजून काय पाहाचा शेटजी? पाह्यला ना आमी.”

शेटजी थबकले. “कुठी पाह्यला?”

“इथीच. धाडात. दर बाजाराले राह्यते.”

पुढचा कापडवाला म्हणाला, “लय रडवते. चुकवू नका तुमी.” तिसऱ्यानं तर हात धरून त्यांना वाट दाखवली, “ते पाहा ना, फोटू लागेल हायेत.”

कोणाच्याही मनात पाप नव्हतं. उलट भाऊंचं चांगलं व्हावं म्हणून जो तो तोंड भरून सांगत होता. या भल्या माणसांचे गळे तेव्हा आवळावेसे वाटले मला.

रतनशेठ माझ्या काचेसमोर उभे राहिले. ओळीनं लावलेले फोटो पाहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. “माह्या हद्दीत तंबूत पिच्चर लागते अन् मलेच पत्ता नाही? कोनाले इकला पयले? शिळं ताट वाढून राह्यले का मले?”

मी हात जोडले. “शेटजी, अहो, पिक्चर निघालेलाच नाही. भाऊ या ओट्यावर उभं राहून नुसते सांगतात. लोकांना तेच...”

एवढ्यात गर्दीतून कासाबाई पुढे आली. कासाबाई म्हणजे भेदरं आणि सांभार, तुमचे टोमॅटो आणि कोथिंबीर, विकणारी बाई. ओट्याच्या अगदी पुढे तिची जागा. तिचा भाऊ एकदाही मुराळी म्हणून तिच्या दारी आला नव्हता, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

“काऊन खोटं बोलता वसंताभाऊ?” ती कडाडली. “म्या पाह्यला. माह्या डोयानं पाह्यला. थांब्यावर उभी राह्यली ते पोरगी, हिरव्या लुगड्यात. मले का सपन पडलं?”

हिरवं लुगडं! माझे फोटो तर काळेपांढरे होते.

रतनशेठ भाऊंकडे वळले. आवाज खाली आला होता, माणूस वाईट नव्हता. “पुंजाजीभाऊ, दुसऱ्याचं जाऊ द्या. तुमी सांगा. या बाईनं पिच्चर पाह्यला का नाही?”

नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. त्या एका शब्दावर उभ्या जन्माचं काम मार्गी लागत होतं. भाऊंनी कासाबाईकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. भाऊंनी मान खाली घातली, मग वर केली.

“पाह्यला,” ते म्हणाले.

शेटजींची जीप गेली. पुन्हा कधी आली नाही.

त्या संध्याकाळी मी पुंजाजीभाऊंना काय काय बोललो ते लिहीत नाही. वडीलधाऱ्या माणसाशी कोणी असं बोलू नये, पण बोललो ते खोटं नव्हतं. “एका भाजीवालीच्या रडण्यापायी तुम्ही पिक्चर बुडवला, भाऊ!”

“ते खरंच रडली होती ना बे,” ते म्हणाले. “तिले चार लोकांत खोटी कशी पाडू?”

“पण पिक्चर?”

“पिच्चर कशापायी करते मानूस?”

माझा राग आणखी वाढला. ज्यांना कायम दुसऱ्याचंच मन राखायचं असतं, त्यांनी निर्माता होऊ नये. गोठ्यावरची पाटी काढून चुलीत घालावी. पुढच्या बाजारी ओट्यावरून ‘टर्रर्रर्र’ ऐकू आलं, तेव्हा मी आतून दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या.

यथावकाश ग्रामपंचायतीत टीव्हीचा डबा आला. एकदा एका नाटकात गडी होता आणि तो आमच्यासारखं, म्हणजे आमच्यासारखं असं त्यांना वाटतं तसं, बोलत होता. पंचायतीत बसलेले सगळे हसले. आपलेच लोक. पुंजाजीभाऊ उठले, रुमाल झटकला आणि निघून गेले. जाताना मला म्हणाले, “पाह्यलं? घातला त्याहीनं गडी.”

त्यानंतर ते फार जगले नाहीत. बुलडाण्याच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो. अंगाचं पार चिपाड झालं होतं. शांतावहिनी उशाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, “भाऊ, आता तरी सांगा. शेवटच्या रिळात काय आहे? भीमा पोचतो का?”

त्यांनी डोळे उघडले आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसले. “तिकीट काढलं का बे?”

वहिनी म्हणाल्या, “याहीनं मले नाही सांगतलं कधी, तुमाले काय सांगतीन.”

दोन दिवसांनी ते गेले.

पुढचा बाजार भरला. ओटा रिकामा होता. मी आत काहीतरी आवरत बसलो होतो, तर कासाबाई टोपली घेऊन दारात उभी राहिली. म्हातारी झाली होती. म्हणाली, “वसंताभाऊ, शेवट सांगा. ते निसते म्हने थेटरात, थेटरात. थेटर तं आलंच नाही. फोटू तुमीच काढले, तुमाले माईत असन.”

माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, कुठला पिक्चर आणि कसला शेवट! तुझ्यामुळंच तो बुडाला! पण ती टोपली खाली ठेवून वाट पाहत होती. थांब्यावर उभं राहावं तशी.

“वाचली गंगू,” मी म्हणालो. “भाऊ पोचला. हात धरून वर आणलं त्यानं तिला. माहेरी नेली.”

कासाबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली. मग टोपली उचलून डोक्यावर घेतली.

“नाही पोचत तो,” ती म्हणाली. “तुमी पाह्यलाच नाही वाटते पिच्चर.”