बिनआवाजाची गाडी

आमच्या दारात इलेक्ट्रिक पिकअप आली तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. खरं सांगते, लग्नातसुद्धा मी इतकी हुरळून गेले नव्हते. पेढे मीच वाटले, हारही मीच घातला, आणि फोटोत ह्यांना बाजूला सरकायला लावलं.

त्याआधी ह्यांच्या कमरेनं दगा दिला होता. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि आमची जुनी डिझेलची पिकअप तर ह्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हती. जावई म्हणाले, "आता भाजीची फेरी बंद करा, आराम करा." ही फेरी म्हणजे आमच्या डाळजपासून भिगवणपर्यंत वस्त्यावस्त्यांवरच्या बायकांची भाजी उचलायची आणि बारामतीच्या बाजारात पोचवायची. कित्येक वर्षांची बांधलेली माणसं. ती एकदा दुसऱ्याच्या टेम्पोकडे गेली की परत कशाला येतील? मी ऐकून घेतलं, चहा केला, आणि दुसऱ्याच दिवशी शोरूममध्ये जाऊन पहिला प्रश्न विचारला, "हिला क्लच आहे का?"

क्लच नव्हता. गिअर नव्हते. आता मला कोण अडवणार होतं?

लायसन्स निघेपर्यंत मी शेतातल्या रस्त्यावर हात बसवून घेतला. पाय ठेवला की गाडी अशी सुटते, की पहिल्या दिवशी मी शेजाऱ्याच्या उसात घुसता घुसता राहिले. पण काय ते सुख. धूर नाही, दणके नाहीत, संध्याकाळी डोकं दुखत नाही, मेथीला डिझेलचा वास लागत नाही. खोड एकच, चार्जिंग. अजून किती किलोमीटर जाईल म्हणून रिकाम्या गाडीला जो आकडा दिसतो तो माल भरला की खाली यायला लागतो, आणि बारामतीतल्या चार्जरवर जावं तर तिथं मोटारवाले आधीच वायर लावून चहाला गेलेले. म्हणून जाऊन-येऊन सगळं घरच्या चार्जिंगवर भागवायचं. लाईट गेली की आमचा जीव टांगणीला. ह्यांनी तर गोठ्यातल्या प्लगपाशी खुर्चीच टाकली. ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसावं तसे बसायचे आणि मला आत हाक मारून सांगायचे, "चढतंय, चढतंय."

माझ्या पहिल्या फेरीला पहाटेच निघाले. नवी साडी नेसले होते, हेही सांगून टाकते. ओढ्याच्या पुलावरून गेले, पहिल्या वस्तीच्या फाट्यावर थांबले. तिथं कोणी नाही. रोज ह्यांच्यासाठी चार बायका पाट्या घेऊन उभ्या असायच्या. मी थांबले, घड्याळ बघितलं, पुढं निघाले. दुसऱ्या फाट्यावरही कोणी नाही. हॉर्न वाजवावा असं मनात आलं, पण हॉर्न मारत फिरायला मी काय भंगार गोळा करायला आले होते? तेवढ्यात पलीकडून दुसऱ्याचा भाजीचा टेम्पो धडधडत गेला, मागं क्रेट रचलेले. मग मला सगळं समजलं. निदान तसं वाटलं. बाईच्या हातात गाडी गेली म्हटल्यावर ह्या बायकांनी माल तिकडं दिला. फोन लावून विचारायचं? मी? मुळीच नाही.

आमच्या घरची वांगी तेवढी घेऊन बारामतीला गेले. अर्धी-अधिक रिकामी गाडी बाजारात नेताना जी लाज वाटली ती अजून आठवते. येताना मात्र ठरवलं, आज एकेकीला विचारायचंच. पहिली गाडी वळवली ती सगळ्यात जुन्या मावशीच्या वस्तीवर. ह्या मावशीनं आम्हाला पहिल्या दिवसापासून माल दिलेला.

मी तावातावानं अंगणात शिरले आणि थांबले. शेळ्यांपुढं कोथिंबिरीच्या जुड्या पडल्या होत्या. बांधलेल्या, सुतळीसकट. मावशी मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? आगं, समद्या पहाटंपासनं कान लावून बसलो हुतो. गाडीचा आवाजच न्हाय आला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी पिकअप ओढ्याचा चढ चढताना अशी बोंबलायची की वस्तीवर ऐकू यायचं. तो आवाज आला की बायका भाजीवरचं ओलं गोणपाट काढायच्या, पाटी डोक्यावर घ्यायच्या आणि फाट्यावर यायच्या. मी मुकाट आले होते आणि मुकाट गेले होते.

"मग त्या टेम्पोला का नाही दिला माल?"

"त्यो दोनदा थांबला की. आमी म्हटलं, आमची गाडी यायची हाय."

"अगं, मग फोन तरी करायचा."

मावशी माझ्याकडं बघतच राहिली. "पयलाच दिस तुजा. गाडी चालवत असशील, फोन वाजला आन् हात सुटला म्हंजी? म्या समद्यास्नी सांगितलं, कुनी फोन करायचा न्हाय."

मी भांडायला आले होते. तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. मग डोळे पुसून गाडीतला आकडा बघून आले. बारामती पुन्हा गाठण्याइतकं चार्जिंग नव्हतं, पण भिगवणचा संध्याकाळचा बाजार सहज होत होता. काकड्या, गवार, वांगी अजून टिकून होती. मावशीला म्हटलं, "बस पुढं. कुणाकुणाचा माल घरात पडलाय ते दाखव."

ती पदर खोचून चढली. सीट दाबून बघितली, काच खाली करायला लावली. पुढच्या वस्तीचं वळण आल्यावर तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हाळी दिली, "माल काढा गं, आपली गाडी आली."