कानाला परवाना

मी टाकलेला व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. तेवढ्यात मी एका माणसाला त्याच्या घरातून उठवलं. एवढं झटपट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. दुकानात मोबाईलची काच बदलायलासुद्धा मला अख्खा दिवस लागतो.

व्हिडिओत आमची चिकलठाण्याची गच्ची आहे, जानेवारीतलं ऊन आहे आणि कडुबा खरात आहेत. त्यांच्या एका हातात चेमटलेलं स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात पळी. शेजारी त्यांची मुलगी मेघा काळा, विटेएवढा सेट कानाशी धरून उभी. सेटमधून खरखरत वैमानिक काहीतरी इंग्रजीत बोलतो, टॉवर उत्तर देतो. मेघा ओरडते, "पप्पा, आलं आलं!" आणि काका ताट बडवायला लागतात. विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या घारी उठतात आणि मागून विमान उतरतं.

मी खाली लिहिलं, 'आमच्या गल्लीचा खासगी कंट्रोल टॉवर'. विमानतळाचं नाव टाकलं. सव्वीस जानेवारी तोंडावर होती म्हणून एक झेंडाही चिकटवला. कन्नडच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, "सुयश, तुझ्या डोक्याला गेअर हायेत, ब्रेक नाय." तेव्हा मला ती स्तुती वाटली होती.

कडुबाकाका माझे शेजारी. मी भाड्याच्या खोलीत, ते भिंतीला लागून त्यांच्या दोन खोल्यांत. मूळचे आमच्या कन्नडकडचेच, म्हणून मला 'गाववाले' म्हणायचे. त्यांची नोकरी सांगितली की लोक हसायचे: विमानतळावर पाखरं हाकलणं. जीपमधून धावपट्टीच्या कडेनं फिरायचं, बगळे आणि घारी दिसल्या की सुतळी बॉम्ब लावायचा. कंपनीनं हातात एक सेट दिला होता. टॉवरचं बोलणं ऐकायचं आणि विमान यायच्या आत पट्टी मोकळी करायची. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. रनवे, क्लिअर आणि आकडे, एवढ्यावर भागत होतं.

एकदा ते जीपच्या आडोशाला चहा पीत होते आणि एक घार विमानाच्या इंजिनात गेली. विमान फिरून परत उतरलं, माणसं धडधाकट होती. पण जळक्या पिसांचा वास आठवडाभर नाकातून गेला नाही, असं ते सांगायचे. त्यानंतर कामावर त्यांनी चहा घेतला नाही. पुढं ठेकेदार बदलला, त्यानं तरणी पोरं घेतली आणि काकांचा सेट काढून घेतला.

मग त्यांनी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून तसलाच सेट शोधून आणला. गच्चीवर बसायचे. विमान येतंय असं ऐकलं की ताट वाजवायचे. ताट शेजारच्या साळूबाईचं, कारण गोजरबाईच्या, म्हणजे काकूंच्या, ताटांना आवाज नव्हता. पुष्कळदा गडबड व्हायची. निघालेल्या विमानाला उतरणारं समजून बडवत बसायचे. त्यानं पाखरं उडायची का? कधी पाखरं उडायची, कधी साळूबाई दुपारच्या झोपेतून उठायची.

"ओ कडुबादाजी, तुमचं इमान आलं का माझं मरण आलं?"

"इमान आलं, साळूबाई. तुमची पाळी मागं हाय."

असं सगळं सुखात चाललं होतं. मेघा पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदान झालं, लेखी झाली, यादीत नाव लागलं. राहिली होती ती फक्त चारित्र्य पडताळणी. आणि त्याच आठवड्यात मला व्हिडिओ सुचला.

दोन दिवसांत पोलीस आले. काकांना नेलं, सेट नेला आणि 'कंट्रोल टॉवर' लिहिणारा शहाणा म्हणून मलाही नेलं. समोर तरुण फौजदार होते. आवाज चढवत नव्हते, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"हे काय आहे?"

"रेडू हाय, साहेब."

"रेडिओवर गाणी लागतात. हा स्कॅनर आहे. लायसन?"

"ऐकायला बी लायसन लागतं व्हय?"

"यंत्र बाळगायलाच लागतं. त्यात विमानाचं बोलणं."

"मी नोकरीत व्हतो तवा रोज ऐकायचो की. त्याचा पगार मिळायचा."

"तेव्हा सेट कंपनीचा होता, परवाना कंपनीचा होता. तुमचा नुसता कान होता."

"कान तोच हाय, साहेब," काका म्हणाले.

मला हसू फुटलं. तेवढ्यात फौजदारांनी माझाच व्हिडिओ लावला, मधेच थांबवला आणि मोबाईल काकांपुढं धरला.

"सेट कोणाच्या हातात आहे?"

पडद्यावर मेघा हसत होती. माझं हसू जागच्या जागी वाळलं. गुन्हा बाळगण्याचा. मग बाळगलंय कोणी? जिच्या हातात आहे तिनं. तिचं नाव एकदा कागदावर चढलं, की पडताळणीत ते निघणार आणि खाकी कपडे दुकानातच राहणार.

"तिच्याकडं मी दिला व्हता. ताट वाजवायला मला दोन हात लागत्यात," काका म्हणाले.

"एका घरात राहता, काका. ताबा दोघांचा धरता येतो."

काका अगदी शांतपणे म्हणाले, "मी तिथं ऱ्हात नाय."

"मग?"

"माझ्या भावाकडं ऱ्हातो. बन्सीकडं, कन्नडकडं शेतात. इथं पाव्हणा आलो व्हतो. सेट माझ्या पिशवीतला. घरच्यांना त्यातलं काय ठावं नाय."

फौजदार माझ्याकडं वळले. "खरं का रे?"

आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक लागला. "व्हय साहेब. पाव्हणेच हायेत."

त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी तसंच लिहून घेतलं, सही घेतली आणि म्हणाले, "तुमच्या बीटचा शिपाई चौकशीला येत राहील. पाहुणा त्या घरात पुन्हा दिसला, तर जबाब खोटा धरीन आणि मुलीचंही नाव घेईन."

व्हिडिओ मी त्यांच्यासमोर काढून टाकला. तोवर तो आमच्या शाळेच्या ग्रुपवरही पोचला होता. गुरुजींनी खाली शाबासकीचा अंगठा टाकला होता.

जामीन झाला त्याच संध्याकाळी काकांनी पिशवी भरली. गोजरबाई दारात उभ्या राहिल्या.

"खोटं बोलला ते बोलला. आता ते खरं कशापायी करता?"

"सरकारी कागदावर गेलंय. कागद खोटा पडला तर पोरगी जाईल."

"आन् मी?"

काका पिशवीची चेन लावत राहिले. मेघा म्हणाली, "मला नको ती नोकरी, पप्पा." तेव्हा ते एकदाच चिडले. "गप. तू मैदानावर पळाली कशाला मग पहाटंची?"

मला वाटलं, आता माझी पाळी. पण ते मला म्हणाले, "काय टॉवर, रनवे क्लिअर ना?" आणि ताट हातात दिलं. "हे साळूबाईचं. पार चेमटलंय. तिला नवं घेऊन दे. पर तसंच बघ, तिच्या लेकीच्या लग्नातला संच हाय."

"देतो, काका."

मेघाची पडताळणी नीट झाली. बीटचा शिपाई आला, वडील कुठं म्हणाला, गोजरबाईंनी 'गावाकडं' सांगितलं आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ट्रेनिंगला जाण्याआधी मेघा शेतात भेटून आली. तिनं सेल्फीसाठी मोबाईल काढला तर काका बाजूला झाले. "फोटू नको. मागं एक काढला व्हता."

केस चालूच आहे. सेटचा तपासणी अहवाल यायचाय म्हणून तारीख पडते. तारखेला काका एस.टी.नं येतात, कोर्टात बसतात आणि तशीच परतीची गाडी धरतात. गारखेड्यात मेव्हणा आहे, तिथंही टेकत नाहीत. गोजरबाई कोर्टाच्या फाटकाशी डबा देतात. दोघं तिथंच झाडाखाली जेवतात, पाहुण्यांसारखे.

मागच्या महिन्यात मी शेतात गेलो. जाताना एक साधा एफ.एम. रेडिओ नेला होता. ज्वारी हुरड्यात आली होती आणि कणसांवर पाखरं लोंबकळत होती. बांधावर काका बसलेले. बन्सी लांबूनच ओरडला, "बघ बाबा तुझ्या काकाला! जलमभर सरकारची पाखरं हाकलली, भावाची हाकलंना!"

"खाऊ दे," काका म्हणाले. "हितं कुठलं इमान उतरायचंय?"

मी रेडिओ पुढं केला. त्यांनी हात लावला नाही.

"परवाना हाय का?"

"ह्याला लागत नाय, काका. गाण्यांचा हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. रेडिओ त्यांनी फडक्यात धरून माझ्या पिशवीत परत ठेवला. वरून एक विमान गेलं, फार उंचावरून. त्यांनी कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईतो पाहिलं.

"आपलं नाय," म्हणाले. "वरच्यावर चाललं." मग, "साळूबाईचं ताट दिलं का?"

"देतो, काका."

गुलमंडीपासून मुकुंदवाडीपर्यंतची भांड्यांची दुकानं मी पालथी घातली. ताटाला तसा काठ आता येत नाही, असं दुकानदार म्हणतात. भिंतीपलीकडं घारी पुन्हा खाली उतरायला लागल्यात. चेमटलेलं ताट माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेलं आहे, आणि विमान गेलं की साळूबाई खिडकीतून हमखास विचारते, "काय रे टॉवर, माझं ताट कधी देतोस?"