धक्का कमी करा म्हणे

मंगळवारी डिपार्टमेंटमध्ये माझा प्रोग्रेस सेमिनार झाला आणि माझं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही. म्हणून इथे लिहून मोकळी होते.

मी सुरतमध्येच पीएचडी करते, विषय न्यूट्रॉन तारे. सूर्यापेक्षा जड तारा, पण आकार एवढाच की शहराच्या एका टोकाचं इच्छापोर ते दुसऱ्या टोकाची डिंडोली एवढ्या अंतरात बसावा... त्याच्या पोटात काय दडलंय याची कॉम्प्युटरवर मॉडेल्स बनवायची आणि असा तारा टिकेल का ते तपासायचं, हे माझं काम.

तपासायची रीत सोपी आहे. ताऱ्याला बारीकसा धक्का द्यायचा. थोडा थरथरून पुन्हा जागेवर आला तर तो स्थिर. माझा सगळ्यात जड तारा काही जागेवर आला नाही... टोकावर उभी केलेली पेन्सिल, दुसरं काय. तोल जुळलेला, पण फुंकर मारली की आडवी.

मी सेमिनारमध्ये तेच सांगितलं. या वजनापुढे माझं मॉडेल टिकत नाही, हाच माझा निष्कर्ष.

तर कमिटीतले बाहेरून आलेले सर अगदी प्रेमाने म्हणाले, "बेन, धक्को थोडो ओछो करी नाखो ने, तारो टकी जशे." म्हणजे धक्का कमी करा, तारा टिकेल! वर हेही की रिपोर्टमध्ये 'स्थिर' असं आलं तर पीएचडीच्या मुदतवाढीचं बघता येईल. मुदतवाढ मिळाली नाही तर माझं रजिस्ट्रेशन रद्द होतं. चार वर्षं पाण्यात.

तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, धक्का कमी केला तर तारा उशिरा पडेल, पण पडेलच ना! आणि ज्यांनी मला ही टेस्ट हाताला धरून शिकवली ते माझे गाइड शेजारीच मूग गिळून बसले होते. समोसा खात होते. मला त्या समोशाचाही राग आला.

घरी नवागामला आले ती तणतणतच. पप्पा पॉवरलूमच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासतात, दोष दिसला की खडूने खूण करतात. न्यूट्रॉन तारा त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं... खोटं कशाला बोलू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फाटेल ताकाले चांगला म्हनं तं तो चांगला व्हई जास का, माय?"

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या सरांचं म्हणणं अक्षरशः पाळलं. धक्का दहापट कमी केला. तारा पडला, फक्त जरा उशिरा. शंभरपट कमी केला, आणखी उशिरा पडला. शेवटी चिडून धक्का शून्यच केला.

तरीही तो जागेवर राहिला नाही... कॉम्प्युटर दशांशाचे शेवटचे आकडे कापतो ना, तेवढी चूकही त्याला पुरली. मी खुर्चीत एकटीच हसत सुटले. मग रडूही आलं, ते सोडा.

चारही ग्राफ प्रिंट करून गाइडसरांच्या केबिनमध्ये गेले. रिपोर्टमध्ये 'अस्थिर' हाच शब्द ठेवला होता. खालची सहीची जागा रिकामी.

सरांनी शेवटचा ग्राफ बराच वेळ पाहिला. मग मान वर न करता म्हणाले, "मने खबर हती."

खबर होती! बाहेरच्या सरांचं एक वेळ समजू शकते, त्यांचा हा विषयच नाही. पण माहीत असूनही गप्प बसणं... त्याला काय म्हणायचं मला अजून सुचत नाही.

त्यांनी सही केली. रिपोर्ट गेलाय, मुदतवाढीचं काय होतं ते कमिटी ठरवेल. एरवी साधा स्टेपलर दिला तरी मी दोनदा थँक्यू म्हणते. त्या दिवशी कागद उचलला आणि काही न बोलता बाहेर पडले.