अंगणातला चेंडू

लॉस एंजेलिसच्या टेकडीवरची मेक्सिकन वंशाच्या चिकानो लोकांची वस्ती उठवून तिथे बेसबॉलचं स्टेडियम बांधलं, तेव्हा युलालियो लहान होता. त्यांचं घरही त्यातच गेलं. आईने बजावलं, "तिथे पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

तिथे खेळणाऱ्या संघावर मात्र मायलेकांचा जीव. सामना लागला की टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओवरचं स्पॅनिश समालोचन मोठ्याने. चेंडू प्रेक्षकांत गेला की तोर्तिया भाजता भाजता आई फणकारायची, "पडला बघ मेल्यांचा माझ्या अंगणात!"

आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी नातीने म्हाताऱ्या युलालियोला ओढतच स्टेडियममध्ये नेलं. तो कानाला रेडिओ लावून बसला होता, तेवढ्यात चेंडू थेट त्याच्या मांडीत येऊन पडला.

"आजोबा, नशीबवान आहात!" शेजारचा ओरडला.

"नशीब कसलं डोंबलाचं?" युलालियो म्हणाला. "अंगण आमचंच आहे."