मोबाईलवर आलेलं डोकं

डॉक्टरांच्या फोनमध्ये काय काय साठतं, ते विचारू नका! मी रेडिओलॉजिस्ट. जुन्या जालन्यात आमचं छोटं सेंटर आहे. मोबाईलवर तपासण्या बघायला लागल्यापासून माझ्या फोनमध्ये घरच्यांचे फोटो कमी आणि लोकांची हाडं जास्त.

*

सुरुवातीला लोक एक्स-रेच्या फिल्मचाच फोटो काढून पाठवायचे. एकदा बरगड्यांमागे चक्क म्हैस! गोठ्यापाशी फिल्म उन्हाला धरली होती. फोन करून म्हटलं, “अहो, मागे म्हैस दिसतेय!”

पेशंटचा भाऊ म्हणाला, “तिला काय न्हाई झालं मॅडम, माणसाचं सांगा!”

*

मग ठरवलं, फोटोचा फोटो बघायचा नाही, मशीनमधली मूळ फाईलच हवी. आमचा टेक्निशियन संतोष सगळ्यांना हेच समजावतो. तरी एका कंपाउंडरने छातीच्या एक्स-रेचा फोटो पाठवला, एकदम गुळगुळीत. वर सांगतो, “लई डाग दिसून राह्यल्ते मॅडम. अ‍ॅपमधी साफ केले!”

“अहो, त्या डागांसाठीच तर एक्स-रे काढलाय!”

त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले. फाईल नाही, तर रिपोर्ट नाही.

*

भाच्याच्या लग्नात पंगतीत बसून फोनवर एक कवटी बघत होते. शेजारच्या मावशी डोकावल्या. “स्थळ आलंय का गं? लई वाळलेलं वाटून राह्यलं!”

*

आणि हे काशिनाथकाका. तीर्थपुरीचे. ट्रॅक्टरवरून पडले आणि डोकं दुखायचं थांबेना, म्हणून सेंटरला आले. मी प्रवासात शहागडला चहाला थांबले होते. संतोषने त्यांच्या डोक्याचा सीटी स्कॅन पाठवला. चित्र मोठं करून पाहिलं आणि चहा तसाच ठेवला. मेंदूवर रक्त साचत होतं.

“ताबडतोब संभाजीनगरला हलवा!” मी संतोषला सांगितलं.

काका अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसेनात! हा माणूस दिवसभर गावभर घरगुती औषधांचे मेसेज फॉरवर्ड करणारा. संतोषचा फोन स्पीकरवर होता. काका म्हणत होते, “मला काय झालं? मोबाईलवरचं समदं खोटं असतंय, ही रोज म्हणती!”

इकडे माझा जीव वरखाली. एकेक मिनिट महत्त्वाचं होतं. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, कौसल्याकाकूंचा आवाज आला, “मंग चला, खोटं ठरवूनच येऊ. बसा जल्दी!” आणि काकूंनी दंड धरून त्यांना आत चढवलं.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. डोक्याला पट्टी, पण काका हसत होते. मला रडूच आलं.

“मॅडम, तुमचा फोटो खरा निघाला हो!”

मागून काकू म्हणाल्या, “मंग आता बाकीचे मेसेज डिलीट करा!”