कूलरसमोरची बरणी

झाशीतला मे महिना म्हणजे हवेत नावालाही ओल नाही. धुतलेली चादर दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळते. अशा दिवसांत माझ्या बायकोच्या औषधाच्या दुकानातली अॅसिडिटीची पावडर दमट झाली, यावर माझा आधी विश्वासच बसेना.

सीपरी बाजारातलं तिचं दुकान तेव्हा नवं होतं. लग्नसराई चालू होती. रात्री पुऱ्या-कचोऱ्यांवर ताव मारलेली मंडळी सकाळी छाती चोळत येत आणि काउंटरवर उभ्या उभ्याच ग्लासभर फसफसणारं पाणी पिऊन जात. त्यांच्यासाठी पावडरीची एक मोठी बरणी उघडून ठेवलेली असे. गावाकडे जाणाऱ्यांना त्यातूनच पुड्या बांधून मिळत. बरणीवर छापलं होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आता मे महिन्यात झाशीत थंड जागा एकच, कूलरसमोर. बरणी तिथे गेली.

मग टहरौली गावचे एक म्हातारबाबा आले. पुडी काउंटरवर ठेवून म्हणाले, "बिटिया, जामें तो झागई नईं उठत." पुडीतल्या पावडरीला फेसच येत नव्हता.

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. 'नकली माल' एवढे दोन शब्द बाजारात फिरले असते, तर तिच्या दुकानाचं काही खरं नव्हतं. तिने त्यांना पावडरीचं बंद पाकीट दिलं आणि पुढच्या खेपेला नक्की या म्हणून सांगितलं.

माल पुरवणारा फोनवर म्हणाला, "भाभीजी, कंपनी के नाम डाल दो, माल बदल देंगे." मीही म्हटलं, "टाक की! तुझ्या डोक्याला ताप कशाला?"

"अहो, आधी बघू तरी द्या," ती डाफरली.

त्याच मालातली नवी बरणी तिने उघडली. अर्धी पावडर बरणीतच कूलरसमोर ठेवली, अर्धी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आतल्या कपाटात. काही दिवसांनी दोन ग्लास भरले. कपाटातली पावडर उसळून वर आली. कूलरसमोरच्या पावडरीचे खडे मुकाट तळाशी जाऊन बसले.

तिने मला समजावलं. पावडरीतला सोडा आणि आम्ल कोरडे असले तर शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने राहतात, पाणी मिळालं की एकमेकांना भिडतात. कूलर ओली हवा फेकतो. झाकण उघडलं की ती आत शिरते आणि त्यांचं भांडण बरणीतच उरकतं. पोटासाठी काही शिल्लक राहत नाही.

म्हातारबाबा पुन्हा आले, तेव्हा दुकान गच्च भरलेलं होतं. मी असतो तर त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतं. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "दादाजी, कंपनी का माल ठीक था. डिब्बा हमने कूलर के सामने रख दिया था. गलती मेरी है."

 आता हे उठून समोरच्या दुकानात जाणार, असं मला वाटलं.

 बाबांनी बंडीच्या खिशातून घड्या पडलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांच्या, म्हातारीच्या, सुनेच्या.

"लो बिटिया," तिच्या काउंटरवर बोट टेकवत ते म्हणाले, "अब घर भर की दवाई इतईं सें जैहै."