बसून दाखवा

लोक काय म्हणतील हे फिटिंगताईला आधीच पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर दादा म्हणाला असता की तुझं डोकं फिरलंय, वहिनी म्हणाल्या असत्या की या वयात हे शोभतं का, आणि भाचा नुसता हसला असता. ती सरळ चाकवाल्याच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि म्हणाली, गाडी खाली बसवायची आहे आणि चाकं बाहेर घ्यायची आहेत, अगदी मडगार्डच्या कडेपर्यंत, पण कडेच्या पुढे धागाभरसुद्धा नाही. चाकवाल्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग तिच्यामागे कुणी पोरगेलासा माणूस उभा आहे का तेही पाहून घेतलं. मागे कुणी नव्हतं. का असावं?

फिटिंगताई हे तिचं दुकानातलं नाव. कपड्यांचं मोठं थोरलं दुकान, पुढे सगळा झगमगाट आणि मागे जिन्याखाली हिची खोली. खोलीत शिलाईचं मशीन, इस्त्रीचं टेबल, तीन बाजूंनी आरसे आणि एक बुटकं स्टूल. पुढे विकलेला तयार कपडा मागे गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट बसवून द्यायचा, हे तिचं काम. नवा कोट चढवून माणूस आरशासमोर छाती फुगवून उभा राहिला, की ही तोंडातल्या टाचण्या काढून म्हणणार, "आता बसून दाखवा." लोक वैतागायचे. घाईत असायचे. पण स्टुलावर बसल्याशिवाय तिनं कधी कुणाला सोडलं नाही. उभं राहून काय, सगळेच ऐटीत दिसतात. बसल्यावर कळतं कुठे काचतंय ते.

घरात मात्र ती धाकटी. पन्नाशी उलटून गेली तरी दादाच्या तोंडी "धाकटे, इकडे ये" हेच. लहानपणी दादाच्या उतरलेल्या पँटी हिच्या वाट्याला यायच्या. त्या उसवून, आतून दाबून, आपल्या मापाच्या करता करताच ती शिवण शिकली. पुढे दादाच्याच पँटी शिवायला लागली. माप घेताना हा गडी पोट आत ओढून धरायचा, श्वाससुद्धा घ्यायचा नाही, आणि ही मुकाट्यानं दोन बोटं जास्त धरायची. पँट बरोबर बसली की दादा सगळ्यांना सांगायचा, बघा, माझं माप अजून तेच आहे. हिनं कधी ताकास तूर लागू दिली नाही.

नवरा गेला तेव्हा दोन खोल्यांचं घर आणि एक करड्या रंगाची गाडी मागे राहिली. मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली. मग दादानं ठरवून टाकलं की धाकटीनं आता आपल्याकडे राहायला यावं, घर भाड्यानं द्यावं, आणि गाडी भाच्याला चालवायला द्यावी, नाहीतरी बाईमाणसाला एवढी गाडी कशाला लागते. मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली. यात वाईट काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दादाचा जीव होता तिच्यावर. पण ज्याचा जीव असतो त्यानं आपल्याला उचलून फळीवर ठेवावं, हे कुठलं? ती वर्षभर आज नाही उद्या करत राहिली. मुलगीही फोनवर म्हणायला लागली, आई, मामा म्हणतो तेही खरंच आहे ना.

आणि गाडीचं म्हणाल, तर तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज संध्याकाळी दुकानाच्या तळघरात गाडीजवळ आली, की तिच्या डोळ्यांत एकच गोष्ट खुपायची. चाकं आत दबलेली आणि वर मडगार्डच्या कमानीत ही एवढी पोकळी, मूठ फिरेल एवढी. थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर घातल्यासारखं. खांदे लोंबतायत, बाह्या पोकळ, आणि घरचे म्हणतायत, चालतंय की! चालत होतं, नाही कोण म्हणतं? पण बसत नव्हतं. अख्खा जन्म तिनं दुसऱ्यांचे कपडे त्यांच्या अंगाला बसवले, आणि स्वतः मात्र दुसऱ्यांच्या उतरलेल्या गोष्टींत वावरली. एके दिवशी सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. साधीच, पण चाक कसं कमानीच्या कडेशी बरोबर आलेलं, वर बोटभर जागा, बस. हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी ही बघतच राहिली.

चाकवाल्याच्या आधी ती आणखी एकाकडे जाऊन आली होती. तो म्हणाला, स्प्रिंगा कापून देतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. तिनं तिथून काढता पाय घेतला. कापलेलं परत जोडता येत नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चाकवाला बरा निघाला. त्यानं उंची कमीजास्त करता येईल असं सस्पेन्शन दाखवलं. मग त्याला भलताच उत्साह आला. अजून रुंद चाकं घालू, थोडी तिरकी बसवू, गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसेल, लोक वळून बघतील. तिनं सांगितलं, लोकांना बघायला आरसे आहेत. मला रोज कामावर जायचं असतं, वाटेत गतिरोधक आहेत, दुकानाच्या तळघराचा उतार आहे, भाजीच्या पिशव्या असतात. तिनं पर्समधून मशीनची बॉबिन काढली, दोरा सोडला, मडगार्डच्या कडेला धरून खाली लोंबू दिला आणि दोऱ्यापासून चाकापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. चाकवाला बघत उभा होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, मागे माणसं बसतात का.

"मागे कोण बसतंय?" ती म्हणाली. "मी एकटीच असते."

गाडी तयार झाली तेव्हा ती चारी बाजूंनी फिरली. मग खाली उकिडवी बसली आणि कमानीवरून तळवा फिरवला. चाक आणि पत्रा एका रेषेत. तिला रडूच आलं, आणि राग आला की एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं काढली. महिनाभर ती त्या गाडीतून कामाला गेली, उतार चढली, गतिरोधक हळू ओलांडले. कुठे खट्ट झालं नाही.

दादानं गाडी पाहिली आणि त्याचा पारा चढला. भाच्यानं शिट्टी वाजवली ती त्यानं डोळे वटारून बंद केली. ज्या बाईला असली खुळं सुचतात तिला एकटीला ठेवणंच धोक्याचं, असं त्यानं सरळ तोंडावर सांगितलं. उद्या ही बंद पडेल, घासेल, कुठेतरी धडकेल, आणि मग दादालाच धावायचं. वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या, तुमच्या आत्याबाईंकडे जेवायला जायचंय ना, निघायचं बघा. तेव्हा हिचं डोकं सटकलं. ती म्हणाली, सगळे माझ्याच गाडीतून चला. जाता-येता एकदा जरी चाक घासलं, तर उद्याच्या उद्या सामान बांधून तुमच्याकडे राहायला येते. शब्द दिला.

शब्द कुणी द्यावा, तर हिनं. सगळ्या हयातीत दिलेल्या तारखेला कपडा तयार नाही असं तिच्या हातून झालेलं नव्हतं. दादालाही ते माहीत होतं, म्हणून तो लगेच मागच्या सीटवर जाऊन बसला.

दादा म्हणजे चांगला भरभक्कम माणूस. शेजारी वहिनी, त्याही अंगानं भरलेल्या. पुढे उंचापुरा भाचा. निघतानाच तिला गाडी जड लागली, पण ती ओठ आवळून चालवत राहिली. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक होता आणि लगेच वळण. तिनं वळता वळता तो ओलांडला आणि मागून आवाज आला. खर्रर्र. लांबलचक. मग रबराचा वास. आरशात तिला दादाचा चेहरा दिसला. त्यावर आनंद असता तर तिला परवडलं असतं. पण त्यावर दया होती. आत्याच्या दारात उतरताना तो हळूच म्हणाला, "पुरे झालं आता, धाकटे. सामान बांध."

त्या जेवणाची तिला चव कळली नाही. घरी येऊन तिनं खरंच बॅग काढली, दोन साड्या ठेवल्या आणि बॅगेशेजारी बसून राहिली. तिला शरम वाटत होती, चाक घासलं याची नाही, तर शब्द देऊन स्वतःलाच अडकवून घेतलं याची.

सोमवारी दुकानात एक लठ्ठ गृहस्थ नवी पँट घालून आरशासमोर उभे राहिले. एकदम छान बसलीय म्हणाले. हिच्या तोंडून सवयीनं निघालं, "आता बसून दाखवा." आणि ती तशीच थबकली. टेप हातातच राहिला. गृहस्थ बसले, शिवण ताणली गेली, त्यांनी विचारलं, काय झालं ताई? ती हसायला लागली, हसता हसता डोळे भरून आले. अगं मूर्ख बाई! तीस वर्षं जगाला स्टुलावर बसवलंस, आणि स्वतःच्या गाडीचं माप रिकाम्या गाडीवर घेतलंस? चाक सरळ, जमीन सपाट, मागे चिटपाखरू नाही. उभ्या गिऱ्हाइकाचं माप! आणि का, तर मागे कोण बसतंय, मी एकटीच असते. तिनं त्या गृहस्थांची पँट दोन बोटं सैल केली आणि दुपारची सुट्टी घेऊन थेट चाकवाल्याकडे गेली.

चाकवाल्यानं गाडी उचलून आतून पाहिलं. तो म्हणाला, मोठं काही नाही. मागची बाजू किंचित वर घेऊ, आणि मडगार्डची आतली कड टायरला लागतेय, ती पत्रा गरम करून रूळ फिरवून आत दुमडून टाकू, रंगही तडकणार नाही. तिनं खाली वाकून ती कड बोटांनी चाचपली. पत्र्याची काठपट्टी, आत उभी राहिलेली, कुणी न दुमडलेली. "अरे, ही तर दुमड घालायची राहिलीय," ती म्हणाली. चाकवाल्यानं विचारलं, किती वर घ्यायची त्याचा अंदाज बघायला मागे वाळूची पोती टाकू का? ती म्हणाली, पोती नकोत. माणसं आहेत.

इतक्यात दादाचा फोन आलाच, कधी येतेस म्हणून. तिनं वर्कशॉपचा पत्ता सांगितला आणि सगळे या म्हणाली. दादाला वाटलं, गाडी पहिल्यासारखी करून भाच्याच्या हवाली करायची असणार. तो वहिनींना आणि भाच्याला घेऊन समजूतदार चेहऱ्यानं आला. मागची खोली झाडून ठेवलीय म्हणाला. बॅग कुठाय, असंही विचारलं.

ती मागच्या चाकाशी उभी होती, गळ्यात टेप, हाताला काळं लागलेलं.

"बॅग घरी आहे, गेल्यावर रिकामी करते," ती म्हणाली. "मी येत नाही, दादा."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते." तिनं काळे हात रुमालाला पुसले. "आजवर एक मोडला नाही, हा मोडते. घासली गाडी, खरंय. पहिल्या ट्रायलला कपडा काचतोच, म्हणून मी गिऱ्हाइकाला त्याच्या घरातून हाकलत नाही. घर माझं आहे, गाडी माझी आहे, ती किती खाली असावी तेही माझं आहे. तू हाक मारलीस तर मी कधीही येईन. पण जेवून माझ्या घरी परत जाईन."

वर्कशॉपमध्ये कुणीतरी हवा भरायचं मशीन बंद केलं. दादाला ओरडायचं होतं, आणि समोर नेहमीची धाकटी असती तर तो ओरडलाही असता. वहिनींनी पदर खोचला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या. भाचा पुढे बसला.

"मग आम्हाला बोलावलंस कशाला?" दादानं शेवटी विचारलं.

"माप घ्यायला," ती म्हणाली. "परवा तुझ्यामुळे कळलं की मागे माणसं बसतात. बसणारच आहात, तर तुमच्यासकट माप घेते. बस आत."

दादा कुरकुरत आत शिरला आणि गाडी मागून बसली. ती चाकापाशी गुडघे टेकून बसली, बॉबिन काढली, दोरा सोडला आणि तो हलायचा थांबेपर्यंत वाट बघितली. मग काहीतरी जाणवून तिनं मान वर केली. खिडकीतून दादा दिसत होता, ताठ, श्वास रोखून.

"दादा," ती म्हणाली, "पोट आत ओढून वजन कमी होत नाही. आहेस तसा बस."

आत वहिनी फिस्सकन हसल्या. दादानं श्वास सोडला, गाडी केसभर डुलली, आणि तिनं टेप लावला.